‘लिटल मो’: सोळाव्या वर्षी अजिंक्यपद, एकोणिसाव्या वर्षी अखेरचा सामना

फेब्रुवारी 2025 मध्ये चर्चगेटजवळच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर मुंबई ओपन रंगली, तेव्हा कोइंबतूरची 15 वर्षांची माया राजेश्वरन रेवती थेट उपांत्य फेरीपर्यंत गेली. आपल्याकडे हे वय दहावीचं. दादर-पार्ल्याच्या घरांत त्या वर्षी रॅकेट माळ्यावर जाते आणि क्लासची बॅग खांद्यावर येते. त्यामुळे कौतुकाच्या पाठोपाठ ‘एवढ्या लहान वयात हा ताण झेपतो का?’ हा प्रश्नही आलाच. महिला टेनिस संघटनेलाही तो पडला होता. अमेरिकेची जेनिफर कॅप्रियाती 1990 मध्ये चौदावं पूर्ण होण्याआधीच व्यावसायिक झाली, 1992 मध्ये बार्सिलोनात तिनं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं आणि 1993 मध्ये थकून खेळापासून दूर गेली. त्यानंतर 1995 पासून वयाचे नियम कडक झाले: चौदाच्या आत व्यावसायिक स्पर्धा नाही, अठरापर्यंत स्पर्धांच्या संख्येवर मर्यादा.

पण हा प्रश्न कॅप्रियातीच्या बराच आधीचा आहे. तो नीट समजून घ्यायचा, तर ‘लिटल मो’ म्हणजे अमेरिकन टेनिसपटू मॉरीन कॉनोलीकडे जावं लागतं.

तिचा जन्म 17 सप्टेंबर 1934 चा, कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोचा. वेड घोड्यांचं. घोडेस्वारीची शिकवणी आईला परवडेना, म्हणून दहाव्या वर्षी पोर घराजवळच्या सार्वजनिक टेनिस कोर्टवर जाऊ लागली. हे मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण मुंबईत आजही टेनिस कोर्ट बहुतेक जिमखान्याच्या फाटकाआड असतं आणि फाटकापाशी सदस्यत्व विचारलं जातं. कॉनोलीला कुणी काही विचारलं नाही. विल्बर फोलसम या तिच्या पहिल्या प्रशिक्षकानं डावखुऱ्या मुलीला उजव्या हातानं खेळायला लावलं. तिच्या फटक्यांचा जोर पाहून गावातल्या एका क्रीडा पत्रकारानं त्यांची तुलना ‘बिग मो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मिसुरी युद्धनौकेच्या तोफांशी केली आणि ती ‘लिटल मो’ झाली.

पुढे तिला एलेनॉर टेनंट या नामांकित प्रशिक्षक मिळाल्या. त्यांची शिकवण अशी, की समोरच्या खेळाडूशी मैत्री ठेवायची नाही. 1951 च्या अमेरिकन स्पर्धेत उपांत्य सामना डोरिस हार्टशी होता. ही हार्ट कॉनोलीची आवडती खेळाडू. टेनंटबाईंनी सामन्याआधी तिच्या कानावर घातलं, की हार्ट तुला लाडावलेली कार्टी म्हणते. ते धादांत खोटं होतं, पण कॉनोली पेटून उठली, हार्टला हरवलं आणि अंतिम सामन्यात शर्ली फ्रायला नमवून 16 व्या वर्षी अजिंक्यपद घेतलं. आपल्याला द्वेष आणि भीती या दोन गोष्टींनी पळवलं, असं तिनं नंतर स्वतःच लिहिलं. तिच्या सगळ्या विजयांच्या यादीपेक्षा ही कबुली मला जास्त महत्त्वाची वाटते. सोळा वर्षांच्या मुलीच्या अंगात किती बळ आहे हे सगळे पाहत होते. तिच्या मनात काय भरलं जातंय, याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

1952 च्या विम्बल्डनआधी खांदा दुखावला. टेनंटबाई म्हणाल्या, माघार घे. कॉनोलीनं ऐकलं नाही, ती खेळली आणि जिंकलीही. गुरू-शिष्येची वाट तिथंच वेगळी झाली. त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या हॅरी हॉपमन यांच्या मार्गदर्शनाखाली तिनं 1953 मध्ये ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या चारही मोठ्या म्हणजे ग्रँड स्लॅम स्पर्धा एका वर्षात जिंकल्या. हे करणारी ती पहिली महिला, आणि चारही स्पर्धांत मिळून तिनं एकच सेट गमावला. नंतर हे फक्त मार्गारेट कोर्ट (1970) आणि स्टेफी ग्राफ (1988) यांनाच साधलं. कॉनोली त्या वेळी 18 वर्षांची होती.

1954 च्या विम्बल्डनमध्ये महिला एकेरी पुन्हा तिचीच. त्याच वर्षी, त्याच मैदानांवर मुलांची एकेरी मद्रासच्या रामनाथन कृष्णन यांनी जिंकली. याच कृष्णन यांच्याकडून राष्ट्रीय कनिष्ठ स्पर्धेत हरल्यावर आपले नंदू नाटेकर टेनिस सोडून बॅडमिंटनकडे वळले. आणि कॉनोली जन्मली त्याच 1934 साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली ती मुंबईची लीला राव, संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव यांची कन्या. क्षमाबाई स्वतःही टेनिस खेळत.

विम्बल्डननंतर तीन आठवडेही झाले नव्हते. 20 जुलै 1954 रोजी कॉनोली सॅन डिएगोत ‘कर्नल मेरीबॉय’वर रपेट करत होती. 1952 च्या विजयानंतर गावानं तिला भेट दिलेला हा घोडा. काँक्रीट मिक्सरचा ट्रक जवळून गेला, घोडा बिथरला आणि तिचा उजवा पाय चिरडला गेला. त्यानंतर ती स्पर्धा खेळू शकली नाही. 1951 पासून उतरली त्या सलग नऊही ग्रँड स्लॅम स्पर्धा तिनं एकेरीत जिंकल्या होत्या. वय 19.

तिनं काँक्रीट कंपनीवर दावा लावला. त्या काळी मोठ्या स्पर्धा हौशी खेळाडूंच्या, त्यात बक्षिसाची रक्कम नसे. मग जिनं खेळून एक डॉलरही घेतला नाही, तिच्या पायाची किंमत ठरवायची कशी? ती लवकरच व्यावसायिक होणार होती, त्यामुळे बुडालेली कमाई ही भविष्यातली होती. ज्यूरीनं 95,000 डॉलर मंजूर केले आणि 1957 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला.

नॉर्मन ब्रिंकर यांच्याशी 1955 मध्ये लग्न, दोन मुली, मग प्रशिक्षण आणि वृत्तपत्रांत लेखन. 1968 मध्ये डॅलसला तिच्या नावानं प्रतिष्ठान उभं राहिलं. 21 जून 1969 रोजी वयाच्या 34 व्या वर्षी कॅन्सरनं ती गेली. प्रतिष्ठानच्या ‘लिटल मो’ स्पर्धा आजही लहान मुलामुलींसाठी भरतात आणि त्यांत विजेतेपदाबरोबर खिलाडूवृत्तीसाठीही बक्षीस असतं. टेनंटबाईंनी तिला शिकवलं होतं, त्याच्या हे अगदी उलट.