कोलोरॅडोत एल्कची शिकार: एच-१बीवाल्यांनी कॅलिबरच्या आधी लायसन्स बघा

डेन्व्हरकडच्या आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: लांबून एल्क (मोठं हरीण) मारायला ६.५ क्रीडमूर काडतुसाची रायफल पुरेल, की जास्त ताकदीची .३०० विन मॅग घ्यावी? सांगतो, पण आधी कागद.

एच-१बी, एच-४, एफ-१ अशा व्हिसावर असलेल्यांना फेडरल कायद्याने बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. सूट मिळते ती मुख्यतः वैध शिकार लायसन्स असेल तर. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. बरेच जण दुकानात हंटर एज्युकेशनचं (शिकार-सुरक्षेच्या कोर्सचं) कार्ड पुढे करतात आणि रिकाम्या हाताने परततात. ते कोर्स केल्याचं कार्ड आहे, लायसन्स नव्हे. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ते लागतंच, पण लायसन्स वेगळं काढावं लागतं. सोबत आय-९४चा (अमेरिकेत प्रवेशाच्या नोंदीचा) नंबर आणि सध्याचा पत्ता असलेलं ओळखपत्र ठेवा. घर बदलून पत्ता तसाच राहिला असेल, तर तिथेही अडतं.

वर्षाचं स्मॉल गेम (ससे, पक्षी अशा लहान शिकारीचं) लायसन्स १ मार्चपासून पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालतं. १ एप्रिलला नवं हातात नसेल, तर कपाटातली रायफलसुद्धा गुन्हा ठरते. मित्राची बंदूक ‘जरा धरून बघतो’ म्हणणंही टाळा. यात शिक्षा झाली तर या देशातलं राहणंच धोक्यात येतं. हे दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरात का लिहीत नाहीत, कळत नाही.

एल्कच्या लायसन्सच्या ड्रॉचा, म्हणजे सोडतीचा, अर्ज ऑनलाइन, सोपा आहे. मुदत एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी रात्री ८ वाजता संपते, मध्यरात्री नाही. अर्जाआधी पात्रता लायसन्स घ्यावं लागतं; वरचं स्मॉल गेम त्यासाठी चालतं. सहा महिने सलग कोलोरॅडोत राहिला नसाल, तर रेसिडेंट (स्थानिक रहिवाशाच्या) दराने अर्ज करू नका.

आता कॅलिबर, म्हणजे नळीचा व्यास. रायफल किमान ०.२४ इंचाची हवी, म्हणजे .२२३ बाद. गोळी लागल्यावर पसरणारी, हरणासाठी निदान ७० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप), एल्कसाठी ८५. १०० यार्डांवर किमान १,००० फूट-पाउंड ऊर्जा हवी. कायद्याने .२४३ चालते, पण एल्कसाठी मी ती सुचवणार नाही. बरेच शिकारी एल्कला गोळी लागताना १,५०० फूट-पाउंड तरी उरावेत असं मानतात. १४३ ग्रेनची ६.५ क्रीडमूर ४०० यार्डांच्या आसपास त्याखाली जाते. त्यापलीकडे मारायचं असेल तर .३०० विन मॅग, पण तिचा धक्का सोसत नेम साधतो का, हे लायसन्स हातात आल्यावर रेंजवर आधी बघा.