टुटू: एका जाळीदार घेराची घडण

मच्छरदाणीत झोपलेल्या माणसाला जाळीपलीकडचे कपाट, घड्याळ, खिडकी असे सगळे जवळजवळ स्वच्छ दिसते. सकाळी तीच मच्छरदाणी घडी करून उशाशी ठेवली की मात्र तिच्या आरपार काहीच दिसत नाही आणि ती एकदम पांढरीशुभ्र भासू लागते. एका थरातला बहुतेक प्रकाश छिद्रांवाटे निघून जातो, पण थरावर थर चढले की एकाच्या छिद्रासमोर दुसऱ्याचा धागा येतो आणि प्रत्येक धागा थोडा थोडा प्रकाश चहूकडे विखुरतो. बॅले नर्तकीच्या कमरेभोवती फुललेला जाळीचा घेर, म्हणजेच टुटू, याच साध्या गोष्टीवर उभा आहे.

12 मार्च 1832 रोजी पॅरिस ऑपेराच्या रंगमंचावर ‘ला सिल्फीद’ या बॅलेमध्ये मारी ताग्लिओनी वायुकन्या होऊन आली, तेव्हा तिच्या अंगावर पोटरीपर्यंत येणारा, घंटेच्या आकाराचा, विरळ सुती कापडाचा पांढरा घेर होता. त्या नाट्यगृहात 1822 पासून गॅसचे दिवे लागले होते. त्यांच्या पिवळसर, किंचित हलत्या उजेडात गडद कापड काळवंडून जाई. विरळ पांढऱ्या थरांचा घेर मात्र मध्यभागी दाट आणि कडेला विरत जाणारा दिसे, त्यामुळे नर्तकीचे शरीर नेमके कुठे संपते ते प्रेक्षकाला कळत नसे. वायुकन्येला याहून वेगळे काय हवे होते? जाळी विणणारे यंत्रही तोवर आले होते. इंग्लंडच्या जॉन हीथकोटने 1809 मध्ये त्याचे पेटंट घेतले, आणि जी षट्कोनी छिद्रांची जाळी पूर्वी हाताने विणावी लागे ती वारांवर मिळू लागली. ‘टुटू’ हे नाव मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहे. फ्रेंच लहान मुलांच्या बोलीत ढुंगणाला जो शब्द आहे त्याच्यावरून ते आले असे सहसा मानले जाते; इतक्या तरल वस्त्राला इतके रांगडे नाव मिळावे ही गंमतच म्हणायची.

या तरलपणाची किंमत मोठी होती. कापूस जळतोच, पण जाळीत धागा कमी आणि हवा जास्त, शिवाय दोन थरांमध्ये आणखी हवा, त्यामुळे ज्योत लागली की ती विझवायला अवधीच उरत नाही. खाली रुंद आणि वर कमरेशी आवळलेला घेर तर जवळजवळ धुराड्यासारखे काम करतो. 1844 मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात क्लारा वेबस्टर ही नर्तकी अशीच भाजून मरण पावली. उपाय ठाऊक नव्हता असे नाही. नाट्यगृहांतले कापड आगीपासून कसे वाचवावे याचा अभ्यास गे-ल्युसॅक या रसायनशास्त्रज्ञाने करून 1821 मध्येच अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि टाकणखार यांची उपयुक्तता दाखवून दिली होती. टाकणखार तापला की वितळून धाग्यावर काचेसारखा लेप धरतो आणि हवा अडवतो. फ्रान्समध्ये 1859 मध्ये नाट्यगृहातल्या कापडांवर अशी प्रक्रिया करणे सक्तीचे झाले. पण क्षारांत बुडवलेली जाळी ताठर आणि मळकट दिसे. ताग्लिओनीची लाडकी शिष्या एमा लिव्री हिने 1860 मध्ये ऑपेराच्या संचालकांना लेखी कळवले, की आपण नेहमीच्याच घेरात नाचू आणि जे होईल त्याची जबाबदारी आपली असेल. 15 नोव्हेंबर 1862 रोजी तालमीच्या वेळी, मंचावर जाण्यापूर्वी तिने घेर सारखा केला आणि तो शेजारच्या गॅसच्या दिव्याला लागला. आठ महिने यातना सोसून वयाच्या विसाव्या वर्षी ती गेली. त्याच वेशाचे जळके अवशेष पॅरिस ऑपेराच्या संग्रहात जपून ठेवलेले आहेत. तिला हटवादी म्हणणे सोपे आहे. पण जिची सारी कलाच वजनहीन दिसण्यावर तोललेली होती, तिला ताठर, मळकट घेर चढवायला सांगणे म्हणजे काय, हेही ध्यानात घ्यायला हवे.

पुढे घेर आखूड झाला तो पायांमुळे. 1885 मध्ये सेंट पीटर्सबर्गला आलेल्या व्हर्जिनिया झुकी या इटालियन नर्तकीने तिथल्या रिवाजाहून आखूड घेराचा आग्रह धरला, आणि 1895 च्या ‘स्वान लेक’मध्ये पिएरिना लेन्यानीने एका पायावर सलग 32 गिरक्या घेतल्या तेव्हा गुडघा आणि मांडी दिसणे हेच महत्त्वाचे होते. आखूड झाल्यावर घेर आडवा का राहू लागला, याचे उत्तर यंत्रशास्त्रात आहे. एका टोकाला धरलेली पट्टी स्वतःच्या वजनाने किती वाकते हे तिच्या लांबीच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. म्हणजे लांबी निम्मी केली की वाकणे सोळाव्या हिश्श्यावर येते. घेर ही काही साधी पट्टी नव्हे, पण अंदाजाला हे गणित पुरते. त्यातच दहा-बारा थर चुण्या घालून चड्डीवर असे शिवतात की सर्वांत आखूड थर तळाशी आणि सर्वांत लांब माथ्याशी येतो, आणि मग सैल कच्च्या टाक्यांनी ते एकमेकांना गुंतवतात. खालचा थर वरच्याला टेकू देतो. मुलींच्या फ्रॉकला आतून कॅनकॅन लावणाऱ्या शिंप्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

तबकासारख्या सपाट टुटूत एखाद्या थरात तारेचे कडेही घालतात. त्याची अडचण गर्दीत कळते: एकीचा घेर दुसरीला घासला की कडे अख्खेच्या अख्खे डुलते. म्हणून 1950 मध्ये वेशभूषाकार बार्बरा कारिन्स्का यांनी नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्शिनच्या ‘सिम्फनी इन सी’ या बॅलेसाठी कडे काढूनच टाकले आणि कमी थरांचा, मऊ, पावडरच्या पफासारखा घेर बनवला. सुती जाळीला खळ द्यावी लागे आणि घामाच्या ओलाव्याने ती नरम पडे. नायलॉनच्या जाळीने तो त्रास बराच कमी केला. तरीही हे वस्त्र नाजूकच. थर लोंबू नयेत म्हणून टुटू उलटा टांगतात, आणि तो सहजी धुता येत नसल्याने घामाचा वास घालवायला कपडेपटात त्यावर चक्क व्होडका फवारतात.

एडगर देगा या चित्रकाराने 1881 मध्ये चौदा वर्षांच्या नर्तकीची सुमारे एक मीटर उंचीची मेणाची मूर्ती प्रदर्शनात मांडली, तेव्हा तिला खऱ्या कापडाचा टुटू नेसवला होता. त्याच्या मृत्यूनंतर तिच्या वीसहून अधिक कांस्यप्रती निघाल्या. कांस्य तसेच राहते; जाळी मात्र जीर्ण होते, आणि ती बदलायची वेळ आली की नवा घेर मांडीपर्यंत ठेवायचा की गुडघ्यापर्यंत, यावर संग्रहालयांचे अजून एकमत नाही.