पोलीस शिपाई की एसआरपीएफ शिपाई? फॉर्म टाकण्याआधी दोन्ही ग्राउंड नीट बघा

पोलीस भरती निघाली की महाआयटीच्या एकाच साइटवर चार-पाच पदं एकाखाली एक दिसतात. पोलीस शिपाई, चालक, बॅण्ड्समन, कारागृह शिपाई आणि राज्य राखीव पोलीस बलातला (एसआरपीएफ, बोलण्यात एसआरपी) सशस्त्र पोलीस शिपाई. चालक आणि बॅण्ड्समन यांत कुणाची गफलत होत नाही. गोंधळ होतो तो जिल्ह्याचा शिपाई, म्हणजे साधा पोलीस शिपाई, आणि एसआरपीचा शिपाई यांत. दोन्हीकडे बारावी पास लागते, दोन्हींची लेखी १०० गुणांची, खाकी तीच आणि गोळाफेकीचा गोळाही तोच, ७.२६० किलोचा. म्हणून पोरं दोन्हीकडे फॉर्म टाकतात, ‘जिकडं लागेल तिकडं जाऊ’ म्हणतात आणि तयारी एकाच पदाची करतात, बहुतेकदा १६०० मीटर धावण्याची. ही तयारी जिल्ह्याला पुरते. एसआरपीला नाही.

आधी पात्रतेचं बघू, कारण काही जणांचा प्रश्न तिथंच मिटतो. जिल्ह्याच्या शिपाईपदाला पुरुषांची उंची किमान १६५ सेंटीमीटर लागते, एसआरपीएफला १६८. छाती दोन्हीकडे न फुगवता ७९ आणि फुगवून ५ सेंटीमीटर जास्त. वयाची कमाल मर्यादा जिल्ह्याला खुल्या गटासाठी २८ आणि मागासवर्गीयांसाठी ३३, एसआरपीएफला मात्र २५ आणि ३०. हा तीन वर्षांचा फरक नजरेतून निसटतो. सव्वीस वर्षांचा खुल्या गटातला मुलगा जर वर्षभर ५ किलोमीटरची तयारी करत बसला असेल, तर त्याला ‘जाहिरात वाचली का?’ एवढंच विचारावंसं वाटतं. २०२२ आणि २०२३ मध्ये वय निघून गेलेल्यांना २०२५ च्या भरतीत एक विशेष बाब म्हणून संधी मिळाली खरी, पण अशा सवलतीच्या भरवशावर नियोजन करता येत नाही. आणखी एक मुद्दा मुलींसाठी. एसआरपीएफच्या २०२२ आणि २०२४ च्या जाहिराती फक्त पुरुषांसाठी होत्या. मुलींचा रस्ता जिल्ह्याचा. तिथं उंची किमान १५५ सेंटीमीटर आणि धावणं १६०० ऐवजी ८०० मीटर.

आता ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी. जिल्ह्याचं ग्राउंड ५० गुणांचं असतं: १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळ्याला १५. एसआरपीएफचं ग्राउंड १०० गुणांचं: ५ किलोमीटरला ५०, १०० मीटरला २५ आणि गोळ्याला २५. लेखी दोन्हीकडे १००. म्हणजे जिल्ह्याची मेरिट १५० पैकी लागते आणि त्यात ग्राउंडचा वाटा एक तृतीयांश. एसआरपीएफची मेरिट २०० पैकी, आणि तिथं ग्राउंडचा वाटा निम्मा. जिल्ह्याच्या अख्ख्या ग्राउंडला जेवढे गुण, तेवढे एसआरपीत एकट्या ५ किलोमीटरला आहेत. कुठं फॉर्म टाकावा, या प्रश्नाचं अर्धं उत्तर या हिशेबातच मिळतं. गणित-बुद्धिमत्तेत हात बसलेला, पण ग्राउंडला जेमतेम निघणारा मुलगा जिल्ह्याला जास्त शोभतो. पायात दम असलेला, पण लेखीला साठ-पासष्टच्या पुढं न सरकणारा मुलगा एसआरपीत वर येऊ शकतो.

पण कुठलंही ग्राउंड नुसतं पास होऊन भागत नाही. दोन्हीकडे किमान ५० टक्के गुण लागतातच. त्यानंतर त्या त्या प्रवर्गात एका जागेमागं दहा जण याप्रमाणे वरून लेखीला बोलावतात. जिल्ह्याच्या ग्राउंडला पंचवीस-सव्वीस गुणांवर ‘निघालो’ म्हणून पेढे वाटणारे लेखीच्या यादीत नसतात, ते याच कारणानं. लेखीला पुन्हा किमान ४० टक्क्यांची अट आहे, त्यामुळे नुसतं पळून कुणी एसआरपीत जात नाही.

धावण्याचा फरक अंतरापेक्षा जास्त आहे. जिल्ह्याला १६०० मीटरमध्ये आउट ऑफ, म्हणजे पैकीच्या पैकी गुण, घ्यायचे, तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. ४०० मीटरच्या ट्रॅकवर याचे चार राऊंड होतात, प्रत्येकी साडेसत्त्याहत्तर सेकंदांचा. पहिला राऊंड सत्तरमध्ये मारला तर तिसऱ्यात पाय भरून येतात, हे ज्यानं मारलाय त्याला सांगावं लागत नाही. पण हा त्रास पाच मिनिटांचा असतो, दात-ओठ खाऊन निभावतो. ५ किलोमीटर म्हणजे त्याच ट्रॅकवर साडेबारा राऊंड. १६०० च्या वेगानं सुटलात तर ५ किलोमीटरची वेळ सोळा मिनिटांच्या आसपास यायला हवी. ती येत नाही. येतो तो पाचव्या-सहाव्या राऊंडला पोटात गोळा. ९५ सेकंदांचा राऊंड धरून शेवटपर्यंत टिकलात, तर वीस मिनिटांच्या आत पाच किलोमीटर होतात. सुरुवातीला पन्नास जण पुढं निघून जाताना बघत आपल्या वेगात राहणं हीच एसआरपीच्या ग्राउंडची खरी परीक्षा आहे, आणि ती सरावाशिवाय जमत नाही.

म्हणून सरावही वेगळा लागतो. १६०० साठी आठवड्यात दोनदा ४०० मीटरचे तुकडे, मध्ये थोडी विश्रांती घेऊन, लक्ष्याच्या वेळेपेक्षा थोडे जोरात. ५ किलोमीटरसाठी आठवड्यातून दोन दिवस बोलता येईल इतक्या सावकाश वेगानं आठ-दहा किलोमीटर, आणि एक दिवस किलोमीटर-किलोमीटरचे तुकडे ठरलेल्या वेगात. आमच्याकडं मात्र पोरं रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पूर्ण ५ किलोमीटर जीव तोडून मारतात, महिन्याभरात नडगी धरते, मग गावातल्या मालिशवाल्याकडं खेपा सुरू. रोज परीक्षा देऊन कुणाचा दम वाढत नाही. उन्हाचं आणि दमट हवेचंही भान ठेवा. २०२४ मध्ये ग्राउंड जूनमध्ये होतं आणि ५ किलोमीटर धावताना उमेदवार कोसळून दगावल्याची बातमीही आली होती. ताप अंगावर काढून किंवा कुणी दिलेली गोळी खाऊन धावायला उतरू नका.

१०० मीटर आणि गोळा दोन्हीकडे तेच, तेव्हा इथली मेहनत कुठंच वाया जात नाही. जिल्ह्याला आउट ऑफसाठी १०० मीटर ११.५० सेकंदांत आणि गोळा साडेआठ मीटर लागतो. एसआरपीची तयारी करणारे नुसते लांब पळत राहतात आणि या दोन इव्हेंटचे ५० गुण देवावर सोडतात. हे मला अजून कळलेलं नाही. सहा मीटर टाकणारा नीट तंत्र शिकला तर दोन-तीन महिन्यांत त्याचा गोळा चांगलाच पुढं सरकतो. ५ किलोमीटरचा एक मिनिट कमी करणं त्याहून कितीतरी अवघड.

लेखीबद्दल जास्त लिहीत नाही. अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. वेळ ९० मिनिटं. अभ्यास एकच.

जागांबद्दल एक ऐकीव सूत्र फिरतं, ‘एसआरपीला जागाच नसतात’. २०२२ च्या भरतीत ते खरं होतं: १८,३३१ पैकी १,२०१. २०२४ मध्ये १७,४७१ पैकी ४,३४९ एसआरपीच्या निघाल्या, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या १५,६३१ मध्ये २,३९३. जुन्या भरतीवरून नव्या भरतीचा अंदाज बांधू नये, आणि आपल्या प्रवर्गाच्या जागा एसआरपीच्या कुठल्या गटात (बटालियनमध्ये) किती आहेत ते तक्ता उघडूनच बघावं.

आता नोकरी, जिचा विचार फॉर्म भरताना कमीच जण करतात. जिल्ह्याचा शिपाई पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांच्या हाताखाली, त्याच घटकात, म्हणजे त्याच जिल्ह्यात किंवा आयुक्तालयात, राहतो. मुख्यालय, मग ठाणं. समन्स बजावणं, बीट, रात्रगस्त, तक्रारदाराशी बोलणं, कोर्टाच्या तारखा. माणसांशी रोजचा संबंध, आणि पुढं तपासाचं कामही हाताखालून जातं. बंदोबस्त त्यालाही असतोच.

एसआरपीएफ १९४८ मध्ये उभं राहिलं ते राखीव दल म्हणून, आणि त्याचं काम अजून तसंच आहे. पुणे, दौंड, जालना, धुळे, अमरावती, हिंगोली अशा ठिकाणी गट आहेत, गटाचा प्रमुख म्हणजे समादेशक (कमांडंट). ठाणं नाही, तपास नाही. कंपनीला हुकूम आला की अख्खी कंपनी गाडीत बसते: कधी दंगल, कधी गडचिरोली, कधी गणपतीचा बंदोबस्त, कधी दुसऱ्या राज्यातली निवडणूक. मुक्काम शाळेत नाहीतर मंगल कार्यालयात, जेवण मेसचं. घरी ‘दोन दिवसांत येतो’ सांगून निघालेला जवान पंधरवड्यानं उगवतो. शिस्त, कवायत, हत्यार आणि मित्रांची साथ ज्याला आवडते त्याला हे आयुष्य मानवतं. एकट्या आई-वडिलांजवळ राहायचं म्हणून जो पोलीस होतोय, त्यानं एसआरपीचा फॉर्म दहादा विचार करून टाकावा. एसआरपीतून जिल्ह्यात बदली मिळते, पण बरीच वर्षं काढल्यावर. ‘आधी एसआरपीत घुसतो, मग जिल्ह्यात येतो’ हा बेत वाटतो तितका जवळचा नाही.

दोन्ही जमत असेल तर दोन्हीकडे जरूर टाका. एका पदासाठी एकाच घटकात अर्ज चालतो; शिपाई पुण्यालाही आणि नाशिकलाही, असं करू नका. शिपाई एका जिल्ह्यात आणि सशस्त्र शिपाई एका गटात चालतं. दोन्ही ग्राउंड एकाच तारखेला आली तर दुसऱ्या ठिकाणच्या घटकाला लगेच कळवा. २०२४ मध्ये अशा उमेदवारांना वेगळी तारीख देण्याचं जाहीर झालं होतं. निवड करता येत असेल तर ५ किलोमीटर आधी देऊ नका. त्याचा थकवा चार दिवस पायात राहतो आणि १६०० ची वेळ त्यात जाते.