वेल्समध्ये रग्बी लीग नव्हतीच? असं कोण म्हणतं

रग्बी लीग, म्हणजे रग्बीचा पैसे देणारा प्रकार (दुसरा तो रग्बी युनियन, त्यात तेव्हा खेळाडूंना पैसे मिळत नसत), हा उत्तर इंग्लंडचा खेळ, वेल्सचा त्याच्याशी संबंध एवढाच की काही पोरं पैशासाठी युनियन सोडून तिकडे पळाली, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. साफ चुकीचं आहे हे. 1907 मध्येच एब्बू व्हेल आणि मर्थर टिडफिल हे वेल्सचे क्लब या खेळात उतरले होते, आणि 1 जानेवारी 1908 ला अबरडेअरमध्ये वेल्सने न्यूझीलंडला 9-8 ने हरवलं, तेही घरच्या मैदानावर! क्लब पुढे टिकले नाहीत हे खरं.

आणि पैशाचं म्हणाल तर कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या घरातल्या पोराने खेळून चार पैसे कमावले तर त्यात गद्दारी कसली? बरं सगळं पैशावरच नव्हतं. कार्डिफचा बिली बॉस्टन कृष्णवर्णीय, प्रचंड गुणी, पण वेल्सच्या युनियन संघात त्याला कधीच घेतलं नाही, मग 1953 मध्ये तो विगन या उत्तर इंग्लंडच्या लीग क्लबकडे गेला आणि त्या क्लबसाठी तब्बल 478 ट्राय (चेंडू समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे टेकवणं) केले. कार्डिफचाच क्लाइव्ह सलिव्हन, ज्याने 1972 चा वर्ल्ड कप ग्रेट ब्रिटनला कॅप्टन म्हणून जिंकून दिला. 2023 मध्ये कार्डिफ बेमध्ये या दोघांचा आणि लीग खेळाडू गस रिझमनचा पुतळा उभा राहिला, फार उशिरा, पण राहिला.