हनुक्काचा दिवा पाठीवरून ओळखावा

ज्यूंच्या हनुक्का सणाचा दिवा पाहायला मिळाला, तर आधी तळ पाहावा, मग पाठ. तळ धर्मनियमाने बांधलेला असतो. आठ रात्रींसाठी आठ वाट्या, शक्यतो एका ओळीत आणि एका उंचीवर. पहिल्या रात्री एक वात, मग रोज एक वाढवायची. आठ रात्रींच्या मिळून 36 होतात. वाट्या फार जवळ असल्या की ज्योती एकमेकींत मिसळतात, आणि अशा शेकोटीसारख्या जाळाला तालमुद हा ज्यूंचा धर्मग्रंथ एक दिवासुद्धा मानत नाही. या उजेडाचा वापर कामाला करायचा नाही, म्हणून नववा दिवा, शामाश म्हणजे सेवक, जरा वर किंवा बाजूला. तेल अंधार पडल्यावर निदान अर्धा तास पुरायला हवे.

पाठीच्या पत्र्यावर मात्र असे बंधन नाही. भिंतीला धग आणि काजळी लागू द्यायची नाही, उजेड पुढे फेकायचा, एवढेच त्याचे काम. तिथे कारागिराचा हात मोकळा सुटतो आणि दिवा कुठला ते कळते. मोरोक्कोच्या पितळी पत्र्यावर घोड्याच्या नालेसारख्या कमानी, शेजारच्या मशिदींत असतात तशाच. इराककडे नजर लागू नये म्हणून हाताचा पंजा. फ्रँकफर्टमध्ये ज्यूंना कारागिरांच्या संघात प्रवेश नव्हता, त्यामुळे योहान व्हालेंटिन श्यूलरसारखे ख्रिस्ती चांदीकार त्यांचे दिवे घडवत.

पोलंडचे ओतीव पितळी दिवे मला सर्वांत बोलके वाटतात. सिंह, हरणे, पक्षी यांचे जाळीकाम, आणि बऱ्याच दिव्यांवर वरच्या कोपऱ्यांत मेणबत्तीची दोन घरे. ती शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, मेणबत्त्यांसाठी असावीत. म्हणजे एकच दिवा दर शुक्रवारी संध्याकाळीही कामाला येई. नव्या दिव्यासाठी जुनाच दिवा वाळूत दाबून साचा करत. पितळ थिजताना सुमारे दीड टक्का आखडते, म्हणून नक्कल मुळापेक्षा लहान निघते आणि सिंहाची आयाळ बुजते. नकलेची नक्कल केली की आणखीच.

कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या, शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या बेने इस्रायलींच्या, म्हणजे तिथल्या ज्यूंच्या, जुन्या परंपरेत हनुक्का नव्हता. तो पुढे इतर ज्यूंच्या सहवासातून आला. मुंबईच्या दिव्यांत पितळी सहाकोनी तारा दिसतो, आणि तेलासाठी कड्यांत बसवलेले काचेचे पेले. ती पेल्यांची रीत बगदादी ज्यूंच्या दिव्यांतही आहे.