मृगाच्या शेजारी एक ब्लॅक होल आहे

आमच्याकडे मृग म्हटलं की पाऊस आणि पेरणी एवढंच डोक्यात येतं. पण जूनमध्ये मृग लागतो म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात येतो, त्यामुळे नेमका तेव्हाच तो रात्री दिसत नाही, सूर्यासोबत उगवतो आणि सूर्यासोबतच मावळतो. बघायचा असेल तर थंडीत बघा. डिसेंबर-जानेवारीत अंधार पडल्यावर पूर्वेला डोंगराच्या बाजूने वर येतो, आणि एप्रिल उजाडेपर्यंत संध्याकाळचा समुद्राकडे कललेला असतो. देवगड-विजयदुर्ग पट्ट्यात अजून बऱ्यापैकी काळोख मिळतो, समोर एलईडी लावून मासे मारणाऱ्या बोटी नसल्या तर (बंदी असूनही असतात, तो विषय वेगळा).

मृगाच्या पोटात तीन तारे एका रेषेत आहेत, तो व्याधाने मारलेला बाण. त्या रेषेत खाली गेलं की लखलखीत पांढरा व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. मृगाच्या चार पायांपैकी एक तांबूस आहे तो काक्षी, पंचांगातली आर्द्रा म्हणतात ती हीच. आणि या दोघांच्या पूर्वेला जरा एकटा पडलेला प्रश्वा. या तिघांचा मस्त मोठा त्रिकोण होतो. आता काक्षीकडून व्याधाकडे नजर न्या, साधारण एक तृतीयांश वाटेवर थांबा आणि किंचित प्रश्वाच्या बाजूला सरका. तिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण तिथे एक ब्लॅक होल आहे, आपल्यापासून तीन-साडेतीन हजार प्रकाशवर्षं लांब. नाव मात्र अगदीच सरकारी आहे, ए०६२०-००.

ते सापडलं कसं हे भारी आहे. ऑगस्ट १९७५ मध्ये एरियल-५ या ब्रिटिश उपग्रहाला त्या जागेवरून एक्स-रे यायला लागले, आणि इतके वाढले की काही दिवस सूर्य सोडला तर आख्ख्या आकाशात एक्स-रेमध्ये तेच सगळ्यात तेजस्वी होतं. मग लोकांनी जुन्या फोटोप्लेटा काढून बघितल्या तर १९१७ मध्येही तिथे असाच भडका उडालेला, फक्त तेव्हा कोणाला अर्थ लागला नव्हता. भडका विझल्यावर तिथे एक फिकट नारिंगी तारा उरला, सूर्यापेक्षा लहान, आणि तो स्वस्थ बसत नव्हता, कशाभोवती तरी पावणेआठ तासांत एक अशी फेरी मारत होता, सेकंदाला ४०० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने. एवढ्या वेगाने फिरूनही तो सुटून जात नाही म्हणजे मध्ये काहीतरी जबरदस्त जड पाहिजे. १९८६ मध्ये मॅकक्लिंटॉक आणि रेमिलार्ड यांनी हिशोब मांडला की ते जे काही आहे ते निदान तीन सूर्यांएवढं जड आहे, पुढच्या मोजमापांत ते सहा-साडेसहा सूर्यांवर गेलं. सहा सूर्यांचं वजन, आणि उजेडाचं नाव नाही.

हे सांगितलं की जेटीवर हमखास कोणीतरी विचारतं, "मगे ता सगळा गिळता काय रे?"

नाही गिळत. व्हॅक्यूम क्लीनरवाली कल्पना डोक्यातून काढूनच टाका. तो नारिंगी तारा त्याच्या इतक्या जवळ फिरतोय की दिवसाला तीन फेऱ्या होतात, तरी शाबूत आहे, फक्त त्याच्या बाहेरच्या थरातला वायू थोडाथोडा निसटून ब्लॅक होलभोवती चकतीसारखा साचतो. त्या चकतीत घासून घासून वायू लाखो अंश तापतो आणि मधूनच भडका उडतो, एक्स-रे येतात ते त्या चकतीतून, ब्लॅक होलमधून नाही. उद्या आपला सूर्य काढून त्याच जागी तेवढ्याच वजनाचं ब्लॅक होल ठेवलं तर पृथ्वी आत्ता फिरते तशीच फिरत राहील. थंडीने मरू ती गोष्ट वेगळी, पण कोणी ओढून नेणार नाही.

मग वेगळं काय आहे? जवळ जाता येणं, एवढंच. सूर्याच्या पृष्ठभागापासून सुटायला सेकंदाला ६१८ किलोमीटर वेग लागतो, पृथ्वीवरून ११.२ पुरतो. तेच वजन जसजसं लहान जागेत दाबाल तसतसं त्याच्या आणखी जवळ जाता येतं आणि सुटायचा वेग वाढत जातो. सूर्य ३ किलोमीटर त्रिज्येत कोंबला तर तो वेग प्रकाशाच्या वेगाएवढा होतो, आणि तिथून पुढे काहीच बाहेर येत नाही. त्या हद्दीला घटना क्षितिज म्हणतात. तिथे भिंत नाही, पृष्ठभाग नाही, फक्त एक हद्द. हिशोब सोपा आहे, दर सूर्यामागे ३ किलोमीटर त्रिज्या. मृगाशेजारचं ते ब्लॅक होल म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत देवगड ते मालवण सरळ रेषेत जेवढं अंतर आहे साधारण तेवढंच.

आता ब्लॅक होलजवळ माणूस शेवयांसारखा ताणला जातो असं वाचलं असेल. ते खरं आहे, आणि ते समजून घ्यायला समुद्रकिनाऱ्यावरच्या माणसाला काही जड जाऊ नये, कारण ती भरती-ओहोटीच आहे. उपमा नाही देत, तेच बळ आहे ते. बघा, सूर्य पृथ्वीला चंद्रापेक्षा जवळजवळ १८० पट जोराने ओढतो, तरी भरती मुख्यतः चंद्राची, सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. असं का? कारण भरतीला ओढ किती हे महत्त्वाचं नाही, पृथ्वीच्या अलीकडच्या बाजूवरची ओढ आणि पलीकडच्या बाजूवरची ओढ यातला फरक किती हे महत्त्वाचं. चंद्र जवळ आहे म्हणून फरक मोठा. सूर्य लांब आहे, तो दोन्ही बाजूंना जवळपास सारखाच ओढतो. अमावस्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत आले की उधाण, अष्टमीच्या सुमाराला काटकोनात आले की भांग, हे इथल्या तांडेलाला कॅलेंडर न बघता माहीत असतं.

अंतर कमी होईल तसा हा फरक त्याच्या घनाच्या हिशोबाने वाढतो, म्हणजे अंतर निम्मं केलं की फरक आठपट. मृगाशेजारच्या ब्लॅक होलच्या हद्दीवर पाय खाली करून उभं राहिलात (उभं राहता येत नाही, पण समजा) तर पायांवरची आणि डोक्यावरची ओढ यातला फरक पृथ्वीच्या गुरुत्वाच्या काही कोटी पट. हद्दीपर्यंत पोचायच्या खूप आधीच खेळ खलास. आणि गंमत अशी की ब्लॅक होल जितकं मोठं तितका हा ताण हद्दीवर कमी. ज्याचा फोटो १० एप्रिल २०१९ ला जाहीर झाला आणि सगळ्या पेपरात आला ते एम८७ दीर्घिकेतलं ब्लॅक होल साडेसहाशे कोटी सूर्यांएवढं आहे, त्याची हद्द ओलांडताना तुम्हाला शरीरात काहीच जाणवणार नाही. परत येता येणार नाही एवढंच.

बरं, पण सहा सूर्य देवगड-मालवणएवढ्या जागेत कोंबले कोणी? गुरुत्वानेच. तारा जन्मभर स्वतःच्या वजनाखाली आत कोसळू बघत असतो आणि आतली उष्णता त्याला तोलून धरते. ती उष्णता येते हायड्रोजनचा हेलियम होताना. हेलियमवरून आठवलं, विजयदुर्ग किल्ल्यावर साहेबाचे ओटे म्हणून कट्टे दाखवतात आणि १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवस साजरा होतो, कारण १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या वर्णपटात हेलियमची ती तेव्हा अनोळखी पिवळी रेषा दिसली. फक्त ज्या साहेबाने ती या किल्ल्यावरून बघितली असं सांगतात तो इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होता, त्याने ती रेषा दोन महिन्यांनी तिथून बघितली. विजयदुर्गला तो खरोखर आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. किल्ल्याचं महत्त्व त्याने कमी होत नाही, पण तारीख नीट सांगावी असं मला वाटतं.

तर, सूर्यासारखा तारा हायड्रोजनवर हजार कोटी वर्षं काढतो. २५ सूर्यांएवढा दांडगा तारा मात्र उधळ्या, त्याचं हायड्रोजन ७० लाख वर्षांच्या आसपास संपतं. मग गाभा दबतो, तापतो, हेलियम जळायला लागतं, ते काही लाख वर्षं. मग कार्बन, ते ५०० ते ६०० वर्षं. निऑन वर्षभर, ऑक्सिजन काही महिने, आणि शेवटी सिलिकॉन, तो एखाद्या दिवसात खलास. प्रत्येक इंधन आधीच्यापेक्षा कमी ऊर्जा देतं आणि त्यात गाभा इतका तापलेला असतो की न्यूट्रिनो नावाचे कण ती ऊर्जा परस्पर बाहेर घेऊन जातात, म्हणून हा वेग. सिलिकॉन जळून लोखंडाचा गाभा तयार होतो आणि तिथे सगळं अडतं, कारण लोखंड जुळवून ऊर्जा मिळत नाही, उलट द्यावी लागते.

लोखंडाचा गाभा पृथ्वीच्या आकाराच्या आसपास असतो, पण वजन सूर्यापेक्षा जास्त. तो कोसळायला लागला की एका सेकंदाच्या आत काही दहा किलोमीटरवर येतो, आतलं द्रव्य प्रकाशाच्या जवळपास पाव वेगाने आत धावतं. इलेक्ट्रॉन प्रोटॉनमध्ये दाबले जाऊन न्यूट्रॉन होतात, न्यूट्रिनोंचा लोंढा सुटतो, आणि बाहेरचे थर उडाले की त्याला आपण सुपरनोव्हा म्हणतो. हे नुसतं कागदावरचं नाही बरं का. २३ फेब्रुवारी १९८७ ला शेजारच्या मोठ्या मॅगेलन मेघात तारा फुटला तेव्हा जपानच्या कामिओका इथल्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत ११ न्यूट्रिनो पकडले गेले, आणि तेही स्फोटाचा उजेड पोचायच्या काही तास आधी.

आपल्या जांभ्याचा लाल रंग लोखंडाचा, रेडीच्या खाणीतलं तर लोखंडच. तेही ताऱ्यांतूनच आलेलं आहे, पण त्या गाभ्यातलं नाही, ते आतच गाडलं जातं. बाहेर पडतं ते स्फोटात बनलेलं किरणोत्सारी निकेल, त्याचं आधी कोबाल्ट होतं आणि मग लोखंड.

कोणता तारा कुठे संपणार हे बऱ्याच अंशी वजनावर ठरतं. इथे चंद्रशेखरांचं नाव घ्यावंच लागतं. जुलै १९३० च्या शेवटी, ऐन पावसाळ्यात, १९ वर्षांचा हा मुलगा मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाला, याच अरबी समुद्रातून, आणि त्या प्रवासात त्याने गणित मांडलं की विझलेल्या ताऱ्याला इलेक्ट्रॉनांचा दाब एका मर्यादेपर्यंतच सावरू शकतो, आणि त्याच्या पलीकडे नाही. ती मर्यादा आज १.४ सूर्य धरतात. १९३५ मध्ये लंडनच्या सभेत एडिंग्टन या तेव्हाच्या बड्या खगोलशास्त्रज्ञाने त्याची चक्क खिल्ली उडवली, तारा असा वेड्यासारखा वागूच शकत नाही म्हणून. चंद्रशेखरांना नोबेल मिळालं १९८३ मध्ये. एवढा उशीर होण्यात एडिंग्टनच्या वजनाचा हात होता असं मला तरी वाटतं.

१.४ च्या पुढे न्यूट्रॉन तारा, म्हणजे दाबून जवळजवळ नुसत्या न्यूट्रॉनांचा झालेला गोळा, तगतो, पण तोही साधारण सव्वादोन सूर्यांपर्यंतच. त्यापुढे एक विचित्र पेच येतो. कोसळू नये म्हणून आतला दाब वाढवावा, तर आइन्स्टाइनच्या सिद्धांतात दाबालाही गुरुत्व असतं, म्हणजे जे सावरायला आणलं तेच आणखी खाली ओढतं. मग थांबवणारं कोणी उरत नाही. ओपेनहायमर आणि स्नायडर यांनी १९३९ मध्येच हे कोसळणं गणिताने दाखवलं होतं, पुढे १९५५ मध्ये कोलकात्यात अमलकुमार रायचौधुरींनी दिलेलं समीकरण वापरून १९६५ मध्ये पेनरोजने सिद्ध केलं की हे फक्त आदर्श गोल ताऱ्यापुरतं नाही. कधी बाहेरचे थर उडून गाभ्याचं ब्लॅक होल होतं, कधी उडालेला माल परत आत पडतो, आणि काही तारे धड न फुटताच आत जात असावेत.

आता पुन्हा त्या आकाशाकडे बघा, कारण सगळे शेवट तिथे एकाच भागात आहेत. व्याधाला एक जोडीदार आहे, १८६२ मध्ये दुर्बिणीतून दिसला, सूर्याएवढा जड आणि पृथ्वीएवढा लहान, तो श्वेत बटू, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या दाबावर तगलेला विझलेला तारा. मृगाच्या वर वृषभ राशीत खेकडा तेजोमेघ आहे, १०५४ साली चिनी लोकांनी नोंदवलेल्या स्फोटाचा, त्याच्या मध्ये सेकंदाला ३० वेळा फिरणारा न्यूट्रॉन तारा. आणि त्रिकोणात ते ब्लॅक होल. काक्षीचा नंबर अजून लागायचाय. २०१९-२० मध्ये ती मंद झाली तेव्हा आता फुटणार म्हणून व्हॉट्सॲपवर नुसता धुमाकूळ होता, पण ते तिनेच बाहेर टाकलेल्या धुळीमुळे होतं. फुटेल, पण येत्या लाखभर वर्षांत कधीतरी, आणि तिच्या वजनाकडे बघता मागे बहुतेक न्यूट्रॉन ताराच उरेल.

ज्यांच्या शेजारी तारा नाही, वायू नाही, ती ब्लॅक होल दिसणार कशी? एक रस्ता १४ सप्टेंबर २०१५ ला उघडला. अमेरिकेतल्या लायगोच्या दोन यंत्रांना ३६ आणि २९ सूर्यांएवढी दोन ब्लॅक होल एकमेकांत विलीन होतानाच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच ताणत-दाबत जाणाऱ्या लहरी, मिळाल्या. विलीन होऊन झालं ६२ सूर्यांचं एक, उरलेले तीन सूर्य लहरींच्या रूपात गेले. यंत्राच्या चार किलोमीटर लांबीच्या बाहूत त्या लहरीने केलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढाच होता. असंच यंत्र आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला व्हायचंय, एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. कोकणात का नाही, असं कोणी विचारायच्या आधीच सांगतो. समुद्राच्या लाटांनी जमीन सतत बारीक थरथरत असते, आपल्याला कळत नाही पण अशा यंत्राला ती खूप सतावते, आणि ती थरथर किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आतही पोचते. किनाऱ्याजवळ तिचा त्रास आणखी जास्त.