पाणी पोचण्याआधी मरण आले तर

बाप्तिस्म्याशिवाय तारण होते का, हा वाद बहुतेकदा वचनांवर वचने टाकून घातला जातो. एकीकडे येशू निकदेम या यहूदी पुढाऱ्याला सांगतो की, पाण्यापासून व आत्म्यापासून जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात जाता येत नाही. दुसरीकडे वधस्तंभावरचा चोर: त्याला पाण्याचा थेंबही लागला नाही, आणि त्याच दिवशी सुखलोकाचे वचन मिळाले. 'जो विश्वास धरतो व बाप्तिस्मा घेतो त्याचे तारण होईल' हे मार्क १६:१६ तर अनेकांना तोंडपाठ असते. पण चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन्ही जुन्या हस्तलिखितांत मार्कचे शुभवर्तमान १६:८ लाच थांबते, म्हणजे हे वचन त्यांत नाहीच.

इतिहास वाचताना मला दिसते ते असे की, हा प्रश्न खरा पेटला तो मरणाच्या उंबरठ्यावर. बाप्तिस्मा हवा होता, पण पाणी पोचण्याआधी जीव गेला. अशा माणसाचे काय?

पहिला प्रसंग छळाच्या काळातला. बाप्तिस्म्यासाठी शिकवण घेत असतानाच काही जण पकडले गेले आणि मारले गेले. इ. स. २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने बाप्तिस्म्यावर ग्रंथ लिहिला. बाप्तिस्मा आवश्यक आहे असे तो ठामपणे म्हणतो. पण हुतात्म्याने सांडलेले रक्त हाच त्याचा बाप्तिस्मा, असेही सांगतो. लहान मुलांना बाप्तिस्मा देण्याची मात्र घाई करू नका, हा सल्लाही त्याचाच.

त्या काळी बाप्तिस्मा लांबवण्याची चालच होती, कारण नंतर घडलेल्या मोठ्या पापांचे प्रायश्चित्त फार कठीण असे. सम्राट कॉन्स्टंटाइनने तो मरणशय्येवर, ३३७ मध्ये घेतला. पुढे मोठा धर्मपंडित झालेला ऑगस्टीन लहानपणी पोटदुखीने अत्यवस्थ झाला, त्याने स्वतः बाप्तिस्मा मागितला, आईने धावपळ सुरू केली. इतक्यात तो बरा झाला आणि बाप्तिस्मा राहून गेला. शेवटी ३८७ च्या ईस्टरला मिलानमध्ये बिशप अँब्रोजच्या हातून तो झाला. पाच वर्षांनी याच अँब्रोजवर तरुण सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन याच्या अंत्यविधीत बोलण्याची वेळ आली. सम्राटाला अँब्रोजकडूनच बाप्तिस्मा हवा होता. तो मिळण्याआधीच तो गेला. शोक करणाऱ्या बहिणींना अँब्रोजने धीर दिला की, ज्याने कृपा मागितली त्याला ती मिळालीच. 'इच्छेचा बाप्तिस्मा' ही पुढची शिकवण इथून बळकट झाली.

पण तान्ह्या बाळाला ना इच्छा करता येते, ना हुतात्मा होता येते. आदामाचे पाप वारशाने येत नाही असे मानणाऱ्या पेलागियसच्या अनुयायांशी वाद घालताना ऑगस्टीन इथेच अडला. आदामाचे पाप सर्वांना लागले आहे, तर बाप्तिस्म्याविना मेलेले बाळही त्यातून सुटत नाही. त्याची शिक्षा सर्वांत सौम्य असेल, एवढेच तो म्हणू शकला. मध्ययुगीन धर्मपंडितांनी या बाळांसाठी 'लिंबो' कल्पिला: यातना नाहीत, पण देवदर्शनही नाही.

आईबापांना हे कसे सोसावे? स्वित्झर्लंडमधल्या ओबरब्यूरेनच्या तीर्थस्थानी पंधराव्या शतकात लोक मृत जन्मलेली बाळे घेऊन येत. निखारे आणि मेणबत्त्या यांच्यामध्ये ठेवून बाळाला ऊब देत आणि ओठांवर पीस ठेवत. पीस जरा हलले की श्वास आला असे मानून लगेच बाप्तिस्मा देत, आणि पवित्र भूमीत पुरत. कॉन्स्टन्सच्या बिशपने याविरुद्ध रोमला तक्रार केली होती. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर (प्रोटेस्टंट चळवळीनंतर) ते स्थान पाडले गेले. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे उत्खनन झाले तेव्हा सुमारे २५० अर्भकांचे सांगाडे सापडले. त्या पिसाकडे डोळे लावून बसलेल्या आईबापांना भोळे म्हणणे माझ्याने होत नाही. शिकवणीचे सगळे ओझे त्यांच्यावर पडले होते.

धर्मसुधारकांतही एकमत नव्हते. झुरिचमध्ये १५२५ साली काहींनी प्रौढपणी, विश्वासाच्या कबुलीवर पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला १५२७ मध्ये लिम्माट नदीत बुडवून मारण्यात आले. जर्मन सुधारक लूथरच्या अनुयायांच्या १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीत (विश्वासाच्या जाहीरनाम्यात) बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक ठरला. पण १५४२ मध्ये लूथरनेच बाळ गमावलेल्या मातांसाठी सांत्वनपर लेख लिहिला: आईचा हुंदका देव प्रार्थना म्हणूनच ऐकतो. विश्वासणाऱ्यांची मुले जन्मापासूनच देवाच्या करारात आहेत, म्हणून सुइणींनी घाईने बाप्तिस्मा देऊ नये, असे दुसरा सुधारक कॅल्विन याचे मत होते. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये बाप्तिस्मा ऐच्छिक म्हणणाऱ्यांना बहिष्कृत ठरवले. मात्र त्याच वर्षीच्या दुसऱ्या ठरावात बाप्तिस्म्याच्या जोडीला 'किंवा त्याची इच्छा' हे शब्द ठेवले.

क्वेकर हा प्रोटेस्टंट पंथ पाण्याचा विधीच करत नाही. उलट 'चर्चेस ऑफ ख्राइस्ट' या मंडळ्या प्रेषितांची कृत्ये २:३८ वर बोट ठेवून पापक्षमा बाप्तिस्म्यातच होते असे मानतात.

कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात म्हटले आहे की, देवाने तारण बाप्तिस्म्याशी बांधले, पण तो स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणे आहेत असे लिहिले. खात्री आहे, असे मात्र लिहिले नाही. त्याआधीच, १९७० च्या रोमन मिस्सा-ग्रंथात (कॅथलिक उपासनेच्या प्रार्थनांच्या पुस्तकात) बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळाच्या अंत्यविधीसाठी प्रार्थना आल्या होत्या.